कॉलेजच्या निवडणुका परत आणायच्या, तर वाद घालायला शिकवणार कोण?

निमशासकीय (धागाकर्ता)

महाविद्यालयीन निवडणुका परत सुरू करा, ही मागणी दर दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढते. तिच्यावर नेहमीचे दोनच सूर उमटतात, ‘लोकशाहीची पहिली शाळा’ आणि ‘कॉलेजात राजकारण नको’. दोन्हींचा कंटाळा आला म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निवडणुका थांबल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांच्या जागी गुणवत्ता आणली. आदल्या वर्षी वर्गात चांगले गुण मिळवणाऱ्याला प्राचार्य वर्गप्रतिनिधी नेमणार, अशी ती सोय. पुढे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने (लागू १ मार्च २०१७) कलम ९९ मध्ये निवडणूक परत आली. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी आणि दर वर्गाचा एक, हे सगळे मतदानाने. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं. विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं, मागून कोविड आला आणि गाडी तिथेच रुतली.

निवडणुका हव्यात असं माझं मत आहे. पण नुसती मतपेटी ठेवली तर जे होईल ते आत्ताच दिसतंय: वर्गावर्गांत जाऊन दोन मिनिटांची हात जोडणी, गेटवर ढोल, आणि ‘आपला माणूस’. उमेदवाराला प्रश्न विचारायची आणि त्याने उत्तर द्यायची जागाच त्यात नाही. म्हणून एक गोष्ट सक्तीची करावी, मतदानाच्या आदल्या दिवशी उमेदवारांची समोरासमोर सभा. दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) अध्यक्षपदाच्या उमेदवारांची अशी सभा वर्षानुवर्षं होते, ती होऊ शकते हे सिद्ध आहे.

आराखडा असा. प्रत्येकी ५ मिनिटं भाषण. मग प्रत्येक उमेदवाराने दुसऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, प्रश्न १ मिनिटात, उत्तर २ मिनिटांत. तीन उमेदवार असले तर सहा प्रश्न होतात, म्हणजे १८ मिनिटं. शेवटी विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या. अशी सभा बहुतेक चिठ्ठ्यांवर फसते, कारण समर्थक खिशातून लिहून आणलेल्या चिठ्ठ्या डब्यात ओततात. त्यामुळे चिठ्ठ्या आदल्या दिवशी वर्गावर्गांत, तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत गोळा करायच्या आणि दर वर्गाची एकच चिठ्ठी सोडतीने काढायची. बसण्याची जागाही वर्गवार ठेवायची. एका गटाची चाळीस पोरं पुढच्या तीन रांगांत बसली की घोषणा सुरू झाल्याच म्हणून समजा.

विषय मात्र कॉलेजचाच हवा. जिमखाना फी कुठे जाते, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असावं, स्नेहसंमेलनाच्या खर्चातला किती भाग डीजेवर. देशाच्या परराष्ट्र धोरणावर एफवायच्या पोरांनी जरूर बोलावं, पण मत त्यावर मागू नये.

विरोधी मतांचं स्वागत आहे. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे प्रतिसाद टाळलेत तर बरं.

---

खर्डेघाश

पूर्ण असहमत.

सभेचा आराखडा देखणा आहे, पण निवडणूक सभेत जिंकली जात नाही. ती पैशावर जिंकली जाते आणि त्याला लगाम घालणारे नियम कागदावरच राहतात. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केल्या. उमेदवारामागे खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. छापील पोस्टर बंद, फक्त हातांनी केलेलं चालेल. प्रचाराला लाउडस्पीकर नाही, वाहन नाही, प्राणीसुद्धा नाही (हत्ती-घोडे डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं असणार). ७५ टक्के हजेरी हवी, विषय राहिलेला नको. निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेले हिशेब द्यायचे आणि पुढच्या दोन दिवसांत कॉलेजने ते जाहीर करायचे.

आता दिल्ली विद्यापीठात काय होतं ते बघा. छापील पत्रकांवर उमेदवाराच्या नावात एक अक्षर मुद्दाम चुकवतात. पकडलं तर ‘हा मी नव्हेच’. भिंती, मेट्रोचे खांब, बसथांबे सगळं रंगवून टाकतात. २०२४ मध्ये मतदान २७ सप्टेंबरला झालं, पण विद्रूपीकरण साफ होईपर्यंत मतमोजणी करू नका असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. दोन महिने मतं पेटीत पडून. पुढच्या वर्षी उमेदवारांकडून १ लाखाचा बाँड मागण्याची वेळ आली. हा तुमच्या ‘पहिल्या शाळे’चा निकाल.

५,००० ची मर्यादा पाळली का जात नाही हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. उमेदवार स्वतः खर्च करतच नाही. गाडी मित्राची, नाश्ता ‘शुभेच्छुकां’चा, फ्लेक्स वॉर्डातल्या भाऊंचा. हिशेबात दाखवायला उरतात कागद आणि स्केचपेन. आणि भाऊ हे फुकट करत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजात त्यांना पुढच्या नगरपालिकेसाठी पोरं हवी असतात.

राजस्थानने २०२३ मध्ये विद्यार्थी निवडणुका रद्द केल्या. तिथे त्या नियमित होत होत्या, तरीही. महाराष्ट्राने अनुभव नसताना त्याच वाटेने कशाला जावं? सुसंवाद शिकवायचाच असेल तर वर्गात शिकवा. त्यासाठी मतपेटी लागत नाही.

---

तिसरी घंटा

खर्डेघाश, वर्गात शिकवा म्हणणं सोपं आहे. आत्ता काय शिकवलं जातं ते आधी पाहू.

आपल्याकडची आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा घ्या. विषय पंधरा दिवस आधी कळतो. एका कॉलेजचे दोन स्पर्धक, एक अनुकूल बाजूने बोलणार, दुसरा प्रतिकूल. दोघांना भाषण एकाच सरांनी लिहून दिलेलं. पाच मिनिटांना पहिली घंटा, सातला शेवटची. दोघांचे गुण मिळून फिरता करंडक. आधीचा स्पर्धक काय बोलला याच्याशी पुढच्याचा काडीचा संबंध नसतो, कारण पाठांतर मोडलं की गुण गेले. हे वक्तृत्वच, फक्त दोन रंगांत. सुरुवातीला शेर, शेवटी कविता, मध्ये आवाजाचा चढउतार.

उलट ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत चार संघ, दोन-दोन वक्ते. विषय १५ मिनिटं आधी मिळतो, बाजू सोडतीने. प्रत्येकाला ७ मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचा उभा राहून मध्येच प्रश्न टाकू शकतो, वक्त्याने एखाद-दुसरा घ्यावा अशी अपेक्षा असते. आधीच्याचं खोडलं नाही तर परीक्षक खाली ढकलतात. ही पद्धत मराठीत चालवायला काहीच हरकत नाही. आठ जणांचे ५६ मिनिटं होतात, म्हणजे एक जादा तास.

पण स्पर्धेत आठच पोरं बोलतात. वर्गातल्या साठांचं काय? नव्या शैक्षणिक धोरणात मूल्यशिक्षणाचा २ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय आहे, म्हणजे ३० तास. बहुतेक ठिकाणी त्यात संविधानाची कलमं लिहून घेतली जातात. त्यातले दहा तास असे वापरता येतील:

पन्नास मिनिटांचा तास. एका पानाचा मजकूर, दोन्ही बाजूंचा, वाचायला ७ मिनिटं. मग ५ मिनिटं प्रत्येकाने वहीत स्वतःचं मत आणि एक शंका लिहायची, बोलायचं नाही. हा टप्पा गाळला की तेच चार जण बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मग आठ जण मध्ये गोल करून बसतात, २० मिनिटं बोलतात, बाहेरचे ५२ टिपणं काढतात. नियम एकच: बोलण्याआधी आधीच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा आणि तो ‘हो, हेच म्हणालो’ असं म्हणाला तरच पुढे जायचं. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी नीट मांडायचे, तेच. त्यानंतर १० मिनिटं बाहेरच्यांची. उरलेल्या आठ मिनिटांत वहीत लिहायचं की मत बदललं का, आणि कुठल्या वाक्याने.

बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं, विषय ढोबळ असतो. ‘लोकशाही तारक की मारक’ यावर कोणी काहीही बोलू शकतं. ‘हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर परीक्षेला बसू द्यावं का’ यावर बोलताना आकडे आणि अपवाद आणावेच लागतात. दुसरं, प्राध्यापक प्रत्येक वाक्यानंतर ‘छान, पण…’ म्हणतात. की संपलं. पोरं एकमेकांकडे बघायची थांबतात आणि सरांकडे बघून बोलतात. अशा तासाला सरांनी मागच्या बाकावर बसावं, हातात घड्याळ घेऊन.

---

ओटीवरून

‘सुसंवाद’ हा शब्द आला की मी सावध होतो, क्षमस्व.

सभ्यता कोण ठरवणार? जेएनयूच्या २०२३ च्या शिस्तविषयक नियमावलीत शैक्षणिक इमारतीपासून १०० मीटरच्या आत धरणं धरलं तर २०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आयआयटी मुंबईने त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्यक्रमांसाठी तात्पुरते नियम काढले, राजकीय वळणाच्या कार्यक्रमाला आधी समितीची परवानगी. दोन्हीकडे कारण एकच, वातावरण बिघडू नये. १०० मीटर म्हणजे किती हे ज्यांनी कॉलेजचं आवार पाहिलंय त्यांनी डोळ्यांसमोर आणावं. आपल्याकडच्या निम्म्या कॉलेजांत ते अंतर गेटच्या बाहेर जातं.

तिसरी घंटा यांचा तासाचा आराखडा उत्तम आहे, पण तो घेणार कोण? राज्यातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक भरमसाट. पगार तासावर, नेमणूक वर्षापुरती, सुट्टीचे पैसे नाहीत. वर्गात आरक्षणावर किंवा धर्मावर चर्चा घेतली, कोणी मोबाइलवर तीस सेकंदांची चित्रफीत काढली आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरली, तर पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणार नाहीत. तो कलमंच लिहून देणार, आणि त्याला दोष देता येत नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा भरा, मग संवाद शिकवा.

आणि ‘विषय कॉलेजचाच हवा’ या धागाकर्त्याच्या अटीलाही विरोध. अठरा वर्षांच्या मुलाला खासदार निवडता येतो. त्याला कॉलेजात म्हणायचं, तू फक्त ग्रंथालयाच्या वेळेवर बोल? शिष्यवृत्ती अडकते ती मंत्रालयात, कॉलेजात नव्हे.

---

चहा बिस्किट

+१. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवा म्हणणारा उमेदवाराला एकच मत पडेल, कारण ग्रंथालयात जाणारे तेवढेच आहेत.

---

कोकणकडा

खर्डेघाश यांच्या पैशाच्या मुद्द्याशी सहमत, निष्कर्षाशी नाही. जुन्या निवडणुकांत राडा का व्हायचा याचं यंत्र कोणी उघडून बघत नाही.

जुनी रचना आठवा, सीआर (वर्गप्रतिनिधी), जीएस (सरचिटणीस), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी). वर्गाने प्रतिनिधी निवडायचा, मग प्रतिनिधींनी मिळून कॉलेजचा यूआर, आणि सगळ्या कॉलेजांच्या यूआरनी विद्यापीठाचे पदाधिकारी. वर जाताना मतदार कमी कमी होत जातात. मतदार बाराशे असले तर विकत घेणं महाग पडतं. तीस असले तर सोळा जणांना गाडीत घालून मतदानाच्या सकाळपर्यंत कुठेतरी ठेवलं की काम झालं. यूआरच्या पळवापळवीचे किस्से याच गणितातून आले. पोरं तेव्हा जास्त हिंसक होती असं काही नाही.

आता नव्या कायद्यात बघा. कॉलेज पातळीवर पूर्णवेळ विद्यार्थ्यांचं थेट मतदान आहे, हे बरं. पण विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी परत कॉलेजांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींकडूनच. म्हणजे वरचा मजला जुनाच. सहलीचा सीझन तिथे परत सुरू होणार. दुरुस्ती करायचीच तर इथे करा: विद्यापीठ पातळीलाही थेट मतदान, नाहीतर कॉलेजचं मतदान आणि विद्यापीठाचं मतदान यांत ४८ तासांपेक्षा जास्त अंतर नको.

लिंगडोहने पूर्ण प्रक्रिया १० दिवसांत उरकायला सांगितलं आहे, त्याचं कारणही हेच. जेवढे दिवस जास्त, तेवढा पैसा. आणि हो, जेएनयूचा दाखला देताना एवढंही सांगा की लिंगडोहच्या अटी न पाळल्याबद्दल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली होती, ती २०१२ मध्येच परत झाली. तिथली निवडणूक विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग चालवतो, म्हणून सभा नीट होते. आपल्याकडे निवडणूक अधिकारी प्राध्यापक असणार. सभेत प्राचार्यांना अडचणीचा प्रश्न आला की चिठ्ठी ‘अस्पष्ट अक्षर’ म्हणून बाजूला पडेल.

---

मोगरा

सगळे मतपेटीपर्यंत पोचले, प्रचाराच्या वेळेपर्यंत कोणीच नाही.

प्रचार होतो संध्याकाळी सहानंतर, कट्ट्यावर आणि मुलांच्या होस्टेलात. मुलींच्या होस्टेलचं फाटक कधी बंद होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बसने येणाऱ्या मुली पाचची गाडी पकडतात. मग मुलीला उमेदवारी मिळते ती महिला प्रतिनिधीच्या एकाच खुर्चीसाठी, अध्यक्षपदाला नाही. राखीव जागा हवीच, पण ती मुलींची शेवटची पायरी व्हायला नको. प्रचार फक्त ११ ते ४ मध्ये आणि आवारातच, एवढा एक नियम केला तरी चित्र बदलेल. आणि भाऊंची गाडीही बाहेरच राहील.

तिसरी घंटा, आतलं वर्तुळ निवडताना हात वर करणाऱ्यांना घेऊ नका. पटावरचे क्रमांक सोडतीने काढा, नाहीतर आठपैकी सात मुलगे येतील.

---

खर्डेघाश

कोकणकडा यांचं गणित मान्य. थेट मतदानात पळवापळवी होणार नाही. पण त्याच्या जागी जात येईल. बाराशे मतदार म्हणजे वस्तीगट मोजायला सोयीचा आकडा. ग्रामपंचायतीत तेच होतं.

आणि सत्रपद्धतीत जागा कुठे आहे? प्रवेश लांबतात, पहिलं सत्र नोव्हेंबरात परीक्षेवर येऊन आदळतं. लिंगडोह सांगतो सत्र सुरू झाल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत निवडणूक घ्या. तेव्हा एफवायचे अर्धे प्रवेशही झालेले नसतात. मतदारयादी कशाची करणार?

---

निमशासकीय

यादीचा मुद्दा खरा आहे. प्रवेश बंद झाल्याच्या तारखेपासून आठवडे मोजावेत, दुसरा मार्ग नाही.

जातीबद्दल: ती कॉलेजात आहेच. गुणवत्तेवर नेमणूक होत होती तेव्हाही होती, फक्त मोजली जात नव्हती. प्राचार्यांनी नेमलेला प्रतिनिधी कोणालाच उत्तर देणं लागत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत अजून तेच आहे. समितीत विद्यार्थी एक, तोही नेमलेला आणि विशेष निमंत्रित.

पण मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्याला कोणी हात लावला नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. अध्यक्ष संस्थाचालक, सदस्य-सचिव प्राचार्य, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे सदस्य. वर्षातून किमान चार बैठका. अंदाजपत्रक इथे तयार होतं, नवीन अभ्यासक्रमांची शिफारस इथून होते. निवडणूक नाही म्हणून या दोन खुर्च्यांवर निवडून आलेलं कोणी बसत नाही.

तिथे बसलेल्या पोराने काय करायचं? बैठकीच्या आधी अंदाजपत्रकाची प्रत मागायची. जिमखाना, ग्रंथालय, प्रयोगशाळा अशा शीर्षांखाली किती जमा आणि किती खर्च, ते दोन रकान्यांत मांडायचं. फरक दिसला तर प्रश्न लेखी द्यायचा आणि इतिवृत्तात नोंदवा म्हणून आग्रह धरायचा. तोंडी विचारलं तर ‘बघू’ हे उत्तर येतं आणि त्याची नोंद राहत नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो, तिथे आपला प्रश्न गाळला असेल तर लगेच हरकत घ्यायची. समोर संस्थाचालक, शेजारी आपले प्राध्यापक, आणि आवाज न चढवता आकड्यावर टिकून राहायचं. असा सराव कुठल्याच करंडकात मिळत नाही.

ओटीवरून, शिष्यवृत्ती मंत्रालयात अडकते हे खरं. पण अर्ज कॉलेजच्या लॉगिनवरच पडून राहिला की पुढे पाठवूनही वर थांबला, हे आधी समितीत विचारून घ्या. मोर्चा नेमका कोणावर काढायचा ते कळेल.

---

ओटीवरून

आणि प्रत दिलीच नाही तर? संस्थाचालकाच्या समोर त्याच्याच कॉलेजातला विद्यार्थी बसलाय, ज्याचे अंतर्गत गुण शेजारी बसलेल्या प्राध्यापकांच्या हातात आहेत. तुमचा आराखडा त्या पोराच्या धाडसावर उभा आहे.

---

तिसरी घंटा

दोघांनी मिळून प्रश्न द्यावा, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सहीने, आणि त्याची प्रत परिषदेच्या सूचनाफलकावर लावावी. सगळ्यांना दिसणारा प्रश्न दाबणं अवघड जातं. अंतर्गत गुणांच्या भीतीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. परिषदेच्या पदाधिकाऱ्यांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या कॉलेजात तपासायला पाठवता येतील, पण परीक्षा विभाग ते मान्य करेल असं वाटत नाही.

---

मोगरा

उमेदवारांच्या खर्चाचे हिशेबही त्याच फलकावर लावा. तपासायचं काम टीवाय बीकॉमच्या लेखापरीक्षणाच्या वर्गाला द्या, प्रात्यक्षिक म्हणून. फ्लेक्सचा फोटो, तारीख, छापखान्याचा बाजारभाव, आणि शेजारी उमेदवाराने लिहिलेले ‘कागद व स्केचपेन, १४० रुपये’.